डबा रिकामाच गेला पाहिजे

भाकरी टेबलावर होती. माझ्या डब्यातली. एक अख्खी भाकरी, घडी घातलेली, आणि तिच्या कडेला थोडी सुकटीची चटणी. रविवार, संध्याकाळचे साडेपाच. रिसॉर्टच्या फाटकाशी स्टाफच्या झडतीचं टेबल असतं, त्या टेबलावर. माझ्या मागे नऊ बायका रांगेत. शेजारून पाहुण्यांच्या गाड्या आत येत होत्या आणि काचा खाली करून लोक बघत होते.

मॅनेजरने भाकरी दोन बोटांनी उचलली. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तशी.

"मावशी, ही आपल्या फेस्टिव्हलच्या स्टॉलवरची भाकरी आहे."

"नाही सर. माझी आहे. घरून आणलेली."

"घरून आणलेली घरी परत कशाला नेताय?"

या प्रश्नाला उत्तर होतं. पण ते रांगेतल्या नऊ जणींसमोर आणि गाड्यांमधल्या लोकांसमोर द्यायचं नव्हतं. म्हणून मी दुसरं उत्तर दिलं. तेही खरंच होतं.

"सर, ही गॅसवरची आहे. आपल्या स्टॉलवर चूल आहे. चुलीवरच्या भाकरीला काळे डाग पडतात. हिला एकही नाही. आणि पीठ बघा. रेशनच्या तांदळाचं आहे, मळकट दिसतं. स्टॉलचं पांढरंशुभ्र आहे."

त्याने भाकरी उलटी करून पाहिली. त्याला काहीच कळलं नाही. तीन वर्षं हॉटेलचं शिक्षण घेतलेला माणूस.

"मावशी, गावात सगळे चुलीवरच करतात. मला नका शिकवू."

मी सुकापूरला राहते. दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीत. तिथे चूल पेटवली तर सोसायटी पहिल्याच दिवशी सामान खाली काढील. माझ्यासारख्या बाईच्या घरात गॅस असतो आणि रिसॉर्टमध्ये चूल असते, हे त्या माणसाच्या डोक्यात शिरेना. त्याच्या डोक्यात गरीब म्हणजे धूर.

टेबलामागे बाळाराम उभा होता. गार्ड. आमच्या ओळखीतला. रिसॉर्टची पार्किंग आहे ती त्याच्या बापाची भातखाचरं होती. त्याने भाकरीकडे एकदा पाहिलं आणि त्याला कळलं. जन्मभर तांदळाची भाकरी खाल्लेल्या माणसाला कळणारच. मी त्याच्याकडे पाहत राहिले.

"वयनी, वरून हुकूम हाय," तो म्हणाला. "आमी काय करनार?"

मॅनेजर म्हणाला, "रूल माहितीये ना? बाहेर जाणारं अन्न सापडलं की उरलेल्याच्या ड्रममध्ये. आणि ड्रमचं काम तुमचंच आहे. जा, टाकून या. आम्ही थांबतो."

मी गेले. हे लिहायला मला लाज वाटते, पण खोटं लिहिण्यापेक्षा बरं. मी ती भाकरी उचलली, किचनच्या मागे गेले, काट्यावर ठेवली. दीडशे ग्रॅम. ड्रममध्ये टाकली. वरून फिनेलचं एक झाकण ओतलं. रजिस्टरमध्ये लिहिलं: भाकरी, एक नग, दीडशे ग्रॅम. त्या दिवसाची बेरीज एकसष्ट किलो चारशे ग्रॅम होती. मी खोडून एकसष्ट किलो साडेपाचशे केली. माझं काम चोख असतं.

परत फाटकाशी आले तेव्हा गाडीतल्या एका बाईने काचेतून विचारलं, "काय चोरलं हिने?"

मी रिकामा डबा उचलला आणि बाहेर पडले.

मी कोण ते सांगते. वय सत्तेचाळीस. दहावी पास, गणितात नव्वद. माहेर मोरा बंदरातलं, बाप होडीवर. सासर तिथूनच जवळ, मिठागरावर काम करणाऱ्यांचं. मिठागरं गेली, नवरा पनवेलला आला, आता नाक्यावर उभा राहतो. महिन्यातले पंधरा दिवस काम मिळतं, कधी अठरा. मुलगी बारावीला आहे. घर माझ्या पगारावर चालतं. मी कर्नाळ्याच्या पुढे महामार्गाला लागून एक रिसॉर्ट आहे तिथे काम करते. ठेकेदाराच्या हजेरीवर. तिथे एकशे दहा खोल्या आहेत, मागे टेकडीवर चाळीस बंगले. बंगल्यांचे मालक शनिवारी येतात, रविवारी जातात. पाच दिवस त्या बंगल्यांत फक्त फ्रीज चालू असतात.

माझं काम उरलेल्या अन्नाचं वजन करण्याचं. दुपारच्या बुफेनंतर जे उरतं ते काट्यावर ठेवायचं, पदार्थाप्रमाणे लिहायचं, ड्रममध्ये टाकायचं आणि दर बादलीमागे दोन झाकणं फिनेल ओतायचं. फिनेल का, ते मॅनेजरने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

"उरलेलं खायला मिळालं ना, तर किचनवाले मुद्दाम जास्त शिजवतील. ह्युमन नेचर आहे, मावशी."

माणसाच्या स्वभावाचा एवढा अभ्यास असलेल्या माणसाने शंभर पाहुण्यांसाठी दोनशेंचा स्वयंपाक कोण करायला सांगतं, याचा अभ्यास केला नव्हता. बुफेची भांडी शेवटच्या मिनिटापर्यंत भरलेली दिसली पाहिजेत, हा रिसॉर्टच्या मालकांचाच नियम. अर्धं भरलेलं भांडं दिसलं की पाहुण्याला आपण गरीब झाल्यासारखं वाटतं. म्हणून तीन वाजायला पाच मिनिटं असताना पनीरचं नवं भांडं यायचं आणि तीन वाजून दहा मिनिटांनी ते माझ्या काट्यावर असायचं. गरम. काट्याच्या काचेवर वाफ धरायची. आकडा वाचायला मला ती पदराने पुसावी लागायची.

दोन वर्षं मी हे केलं. फिनेल कमी पडू दिलं नाही. त्या ड्रमजवळ कुत्रंसुद्धा येत नव्हतं. मला वाटायचं, मी फक्त वजन करते.

आता जेवणाचं. रिसॉर्टच्या स्वतःच्या लोकांना दुपारी साडेतीनला जेवण मिळतं. भात, वरण, एक भाजी. ठेकेदाराच्या सदतीस जणांना मिळत नाही. आम्ही कागदावर रिसॉर्टचे नाही. आम्ही त्यांच्याच चादरी बदलतो, त्यांचीच भांडी घासतो, त्यांचीच कांदा-कोथिंबीर निवडतो, पण भूक लागते ती ठेकेदाराची. आणि ठेकेदार खोपोलीला बसतो.

बाहेर विकत घ्यावं म्हटलं, तर फाटकाबाहेर एक दुकान आहे. पूर्वी तिथे साधं किराणा दुकान होतं, सुटं तेल मिळायचं, अर्धा किलो पीठ मिळायचं, उधारी मिळायची. आता तिथे काचेचं दार आहे. बदामाचं दूध मिळतं. पीठ मिळतं, पण एका किलोच्या कागदी पिशवीत, वर शेतकऱ्याचा फोटो. त्या फोटोतल्या माणसालाही ते परवडलं नसतं. पनवेलच्या बाजारातून आणायचं तर सहा आसनी रिक्षाचं भाडं दोन वेळा. रेशनकार्ड सासरच्या गावचं आहे. धान्य आलं की तिकडे जायचं म्हणजे एक खाडा, आणि एका खाड्याला ठेकेदार दोन लावतो.

म्हणून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या घरी दिवसाला पाच भाकऱ्यांचं पीठ असतं. मुलीला दोन, नवऱ्याला एक, मला दोन. माझ्या दोनमधली एक मी दुपारी खाते. दुसरी परत नेते. ती संध्याकाळी मुलीची. घरी ठेवली तर आई उपाशी म्हणून ती हात लावत नाही, डब्यात उरली म्हटलं की खाते. मॅनेजरच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं.

हे मी एकटीच करत नाही. महिनाअखेर आली की आमच्यातल्या बऱ्याच जणींचे डबे अर्धे परत जातात. कोणी कोणाला विचारत नाही. "आज भूक नाय गो," एवढंच म्हणायचं आणि झाकण लावायचं. पंचवीस तारखेनंतर रोज कोणाला ना कोणाला भूक नसते.

आणि रिसॉर्टचा नियम काय? स्टाफचा डबा येताना कसाही येवो, जाताना रिकामाच गेला पाहिजे. धुतलेला असेल तर उत्तम.

माणूस आपलं जेवण अर्धं ठेवून घरी नेतो, हे नियम करणाऱ्याच्या कल्पनेत नव्हतंच. त्याच्या घरी उरतं ते टाकायचं असतं. म्हणून आमच्या डब्यात उरलेलं म्हणजे चोरलेलं. नियम झाल्यावर बायका स्वतःची भाकरी चोरून न्यायला लागल्या. सुमन, माझ्यासोबत रिक्षाने येणारी, भांडी घासणारी, ती भाकरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून परकराच्या नाडीत खोचायची. घरी जाईपर्यंत भाकरीला घामाचा वास लागायचा. ती हसायची. "माजी पोरगी बोलते, आये, भाकर खारट हाय. मी बोलते, मीठ जास्त परलं." मला ते जमलं नाही. मी म्हटलं, माझं आहे, मी उघड नेईन. त्याचं काय झालं ते वर लिहिलं आहे.

त्या संध्याकाळी घरी गेले तर मुलगी अभ्यास करत होती. तिने डब्याकडे हात केला.

"पडला रस्त्यात," मी म्हटलं.

तिने डबा उघडला. डबा स्वच्छ होता. मग तिने माझा हात नाकाशी नेला.

"आई, हाताला फिनेलचा वास येतोय."

मी पेज टाकली. तिघांनी पेज प्यायली.

पुढचा रविवार फेस्टिव्हलचा शेवटचा. फेस्टिव्हल म्हणजे रिसॉर्टच्या मालकांच्या बायकोची कल्पना. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. आमच्याकडचं जेवण, आमच्याकडची चूल, आमच्याकडच्या बायका. मातीचा ओटा बांधून घेतला होता, बांधणारा इंटिरियरवाला वांद्र्याचा. बायकांना दोन दिवस शिकवायला एक बाई आली होती, चूल फुंकताना वर कसं बघायचं ते. पाटीवर लिहिलं होतं, आईच्या हातची भाकरी. ज्या आया ती थापत होत्या त्यांच्या पोरांसाठी एकही भाकरी फाटकाबाहेर जाणार नव्हती. तेवढं पाटीवर लिहिलं नव्हतं.

मी ओट्यामागे परात ठेवायला गेले तेव्हा एक पाहुणे कौतुकाने म्हणाले, "तुम्ही लोक किती नशीबवान. रोज असं साधं, ताजं खाता. आम्हाला बघा, पैसे देऊन खावं लागतं."

वय साठीचं असेल. चेहरा प्रेमळ. ताटात तीन भाकऱ्या. दोन तशाच सोडून गेले. त्या दोन भाकऱ्यांचंही मी वजन केलं.

दुपारी मॅनेजर मला शोधत आला.

"मावशी, आज चार वाजता मॅडम स्टाफला स्वतःच्या हाताने वाढणार आहेत. थँक्यू म्हणून. पाहुणे पण वाढतील. फोटोग्राफर आहे. ठेकेदाराच्या बायकांनी पदर घेऊन लॉनवर यायचं. तुम्ही पहिल्या उभ्या राहा. मागच्या रविवारचं मनात ठेवू नका."

"काय वाढणार?"

"बुफेचंच. भाकरी, वांग्याचं, कोळंबीचं. खूप उरलंय."

"आज ते वजन करायचं नाही?"

"आज नाही. आज ते तुम्हाला."

मी हिशेबाची बाई आहे. मला ते मांडून बघावं लागलं. तेच अन्न. तोच वार. मागच्या रविवारी त्याला हात लावला तर चोरी, इतकी मोठी की घरची भाकरीही त्यात बुडाली. या रविवारी तेच दान. मधल्या सात दिवसांत भाकरी बदलली नव्हती. फोटोग्राफर आला होता, एवढाच फरक.

"घरी नेता येईल?" मी विचारलं.

तो हसला. "मावशी, डब्याचा रूल रूल आहे. इथेच बसून खायचं."

चार वाजता आम्ही अकरा जणी लॉनवर. समोर टेबल, टेबलामागे मॅडम, बाजूला पाच-सहा पाहुणे, त्यांची मुलं. मुलांना सांगत होते, बघ, शेअरिंग शिक. मॅडमनी एक भाकरी हातात घेतली. चुलीवरची. काळे डाग स्पष्ट होते.

"या ताई. दोन्ही हात पुढे करा. अजून थोडे खाली. हां. आणि हसा ना जरा."

माझे हात पुढे गेले होते. खाली गेले होते. तोंडही हसायला लागलं असेल, सवयीने. आणि मला माझ्या हाताला तोच वास आला. सकाळी साबणाने दोनदा धुतले होते, तरी आला.

मी हात मागे घेतले.

"मॅडम, मागच्या रविवारी माझी घरची भाकरी फाटकावर काढून घेतली. चोरीची म्हणून. माझ्या हाताने फिनेल टाकायला लावलं. दीडशे ग्रॅमची होती. रजिस्टरला आहे."

मॅडमनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरने फोटोग्राफरला हाताने थांबवलं.

"ताई, ते आपण नंतर बोलू," मॅडम म्हणाल्या.

"नंतर नको. मागच्या रविवारी एकसष्ट किलो साडेपाचशे. त्याच्या आदल्या दिवशी त्रेपन्न किलो. काल अठ्ठावन्न किलो सातशे. सगळं शिजलेलं, ताजं. सगळ्यावर फिनेल. आम्ही सदतीस जण इथे आठ-नऊ तास अर्धपोटी राबतो. आमच्या ताटात पडू नये म्हणून विष घालता, आणि आज फोटो काढायला बोलावता. मला नको हे. मी भीक मागायला आले नाही, कामाला आले आहे."

आवाज मोठा नव्हता. मला ओरडता येत नाही. पण आकडे ऐकू गेले. त्या प्रेमळ गृहस्थांनी आपल्या नातवाचा हात धरला आणि ते तलावाकडे चालू लागले. नातू विचारत होता, "आजोबा, विष म्हणजे?"

मॅडम म्हणाल्या, "इतकं सगळं मनापासून केलं आणि हे असं."

त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मला त्याची दया आली नाही. सांगून टाकते.

माझ्या मागच्या दहा जणींपैकी तिघींनी हात मागे घेतले. सात जणींनी भाकरी घेतली. सुमननेही. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मना माफ कर गो. सकालपासून पोटात काय नाय." तिथेच गवतावर बसून तिने चार घासांत संपवली. मला तिचा राग नाही. राग कुणाचा करायचा ते मला आता नीट कळतं.

सोमवारी मॅनेजरने ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली नाही. एक कागद पुढे केला. इंग्रजीत होता. मी प्रत्येक ओळ वाचली, त्याला वाटलं होतं मी खाली नुसती सही करीन. गैरसमजातून गैरवर्तन झालं, पाहुण्यांसमोर संस्थेची बदनामी झाली, पुन्हा होणार नाही, नेमून दिलेलं काम पूर्वीप्रमाणे करीन.

"गैरसमज कोणता?" मी विचारलं. "भाकरी माझी होती की नव्हती?"

"मावशी, आता वाद नको. सही करा आणि कामाला लागा."

"सही करत नाही. आणि अन्नावर फिनेल टाकत नाही. वजन करीन. फिनेल तुम्ही टाका."

"मग उद्यापासून काम नाही."

"तसं लिहून द्या. भाकरीचं कारण लिहा."

त्याने लिहून दिलं नाही. माझी भाकरी टाकायला त्याला लेखी हुकूम लागला नव्हता. मला काढायला मात्र त्याला कागदाची भीती वाटली. त्या दिवशी मी काट्याशी उभी राहिले. वजन केलं. त्रेचाळीस किलो दोनशे. फिनेलची बाटली त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्याने पोरासारखा चेहरा केला आणि दुसऱ्या माणसाला हाक मारली. त्या माणसाने टाकलं. टाकू दे. माझा हात त्यात नव्हता.

त्यानंतर मी रोज रिक्षात एकेकीशी बोलते. मराठीत अर्ज लिहिला आहे, एका पानाचा. ठेकेदाराच्या सदतीस जणांना दुपारी बाराला जेवण. बुफे उघडायच्या आधी. गरम, बसून, ताटात. उरलेलं नाही. आणि घरचा डबा आमचा आहे, त्यात कुणी हात घालायचा नाही. आत्तापर्यंत चौदा सह्या झाल्या, त्यातले पाच अंगठे. पहिला अंगठा सुमनचा. बाळारामने सही केली नाही. तो म्हणाला, "वयनी, माजा बाप जमीन देऊन बसला, मी आता नोकरी देऊ काय?" मी म्हटलं, "देऊ नकोस. पण भाकर वलखलीस, येवढं तरी बोल." तो फाटकाच्या रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत राहिला.

या शनिवारी रिसॉर्टवर लग्न आहे. साडेतीनशे पानं. भांडी, चादरी, भाज्या, सगळं आमच्यावर. आम्ही बाराला कामगारांच्या खोलीत बसणार आहोत. जेवण आलं तर जेवून उठू. नाही आलं तर उठणार नाही.

घरी सांगितलं. मुलगी ऐकत होती. नवऱ्याने एकच विचारलं.

"पीठ किती दिवसाचं हाय?"

मी पिठाचा डबा काढून मोजलं. "दिवसाला चार केल्या तर अकरा."

"मग अकरा दिवस तरी बस," तो म्हणाला.

मी बसणार आहे. चौदा आल्या तर चौदा, चार आल्या तर चार. ताट वाढून आल्याशिवाय त्यांच्या लग्नाचं एक भांडं माझ्या हाताने घासलं जाणार नाही. बारावा दिवस उजाडला तर तेव्हाचं तेव्हा. काम दुसरं शोधीन, भांडी दुसरीकडे घासीन. पण कुणाच्याही फोटोसाठी हे हात पुन्हा खाली जाणार नाहीत.